उलाळ

वडिलांचे रिद्धपूरचे घर रिकामे केले, तेव्हा अपरिग्रह या विषयावर मला तातडीने मत बनवावे लागले. तेही ट्रॅक्टरच्या दोन चाकी ट्रॉलीत, कपाटाला मिठी मारून.

गाव गोविंदप्रभूंचे. म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले ते इथेच, तेराव्या शतकात. चक्रधरस्वामींनी अनुयायांना अटन सांगितले, भिक्षा सांगितली. आणि आमच्या वडिलांच्या मागे चौदा पोती पुस्तके, दोन कपाटे आणि आजीचे जाते!

वेशीबाहेर पडताच ट्रॉली हिसके देऊ लागली, मागून डुलू लागली. मी म्हटले, हा संचयाचाच दंड. "थोडे टाकून द्यायचे का?" (काय टाकायचे ते धाकट्याने ठरवावे, अशी माझी उदार भूमिका होती.)

ड्रायव्हरने उतरून हुकाची पिन हलवून पाहिली.

"टाकता कायले? वझं जास्त नाई झालं सायेब, मांगं झालं. ट्रॉली उलाळ झाली. मांगं वजन पडलं का हूक वर उचलते, मंग शेपटी हालते."

"मग सगळे पुढे घेऊ!"

"सारं नोका आनू. ट्रॅक्टरचं थोबाड वर होते, स्टेरिंग धरत नाई."

म्हणजे प्रश्न किती बाळगता हा नव्हताच, कुठे बाळगता हा होता! इतके सोयीचे तत्त्वज्ञान मला आजवर कोणी सांगितले नव्हते. स्वामींनी अर्थात ट्रॉलीच सोडायला लावली असती.

तासभर पोती ओढली. हिसके थांबले. मी कपाटाला टेकून डोळे मिटले, तोच धाकटा म्हणाला, "दादा, जाते कुणाकडे उतरवायचे?"

आम्ही दोघेही तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी ड्रायव्हरकडे पाहिले. त्याने नुसता गिअर बदलला.