समच्छेद आणि समन्वय
एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांचे छेद, म्हणजे पूर्णाचे किती समान भाग केले ते सांगणारे अंक, भिन्न असल्याने त्यांची बेरीज थेट होत नाही; मूल्य न बदलता दोन्हींना सहाच्या समच्छेदात आणले, की पाच षष्ठांश मिळतात. पेण तालुक्यातील गागोदे येथे 1895 मध्ये जन्मलेल्या, गणिताची ओढ असलेल्या विनोबांनी कुराण, ख्रिस्तधर्म व धम्मपद यांवर ग्रंथ सिद्ध करताना मूल्य न बदलता समान पायावर आणण्याचे हेच पथ्य धर्मांच्या समन्वयात पाळले, तर रोह्यात 1920 मध्ये जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवले यांनी अंतर्यामी ईश्वर हा समान पाया मानला. समच्छेद मात्र निवडता येतो (सहाऐवजी बाराही चालतात). दोन्ही अपूर्णांक एकाच पूर्णाचे आहेत हे आधी गृहीत धरावेच लागते, आणि धर्मांच्या बाबतीत ते गृहीतक निव्वळ श्रद्धेचे आहे.