सणाला घराबाहेर असलेली माणसं

१५ फेब्रुवारी २०१९ रोजी मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या चर्चने आपल्या तरुण मिशनऱ्यांसाठीचा एक जुना नियम बदलला. तोवर घर सोडून गेलेल्या मुलामुलींना आईवडिलांशी फोनवर बोलायची मुभा वर्षातून दोनदाच असे, मातृदिनाला आणि नाताळाला. एरवी आठवड्याला एक पत्र किंवा ईमेल. मुलांनी साधारण दोन वर्षं आणि मुलींनी दीड वर्ष घराबाहेर राहायचं. पगार नाही. जायचं कुठं ते चर्च ठरवणार, सोबतीही चर्चच नेमून देणार. अशा घरांत नाताळाला साऱ्यांचं लक्ष फोनकडे लागलेलं असे. आता ही मुलं दर आठवड्याला घरी बोलू शकतात.

या बदलामागचा प्रश्न आपल्याही ओळखीचा आहे. मोठ्या कामाला वाहून घ्यायचं तर घराशी असलेला धागा तोडावाच लागतो का?

आपल्या परंपरेत याचं एक कठोर उत्तर आहे. चक्रधरस्वामींनी आपल्या महानुभाव अनुयायांना आपला मुलूख, नातीगोती, ओळखीपाळखी सोडून अनोळखी प्रदेशात फिरायला सांगितलं. ओळखीच्या माणसांत मन गुंततं आणि मानपानाची सवय लागते, हे त्यांनी नेमकं हेरलं होतं. नांदेड जिल्ह्यातलं माहूर महानुभावांनाही पवित्र, त्यामुळे अशी घर सोडलेली माणसं या भागाला नवी नाहीत. त्या वैराग्याबद्दल मला आदर आहे. पण ते उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही, असं मला ठामपणे वाटतं. घर सोडणं अवघड असतं हे खरं. मात्र त्या सोडण्याचं चीज होतं ते जिथं जाऊन पोचलो तिथल्या माणसांत.

महाराष्ट्रातलीच दोन उदाहरणं घेऊ. ह्यू फिंडले हे स्कॉटिश मॉर्मन मिशनरी १८५२ मध्ये मुंबईत आले. पुढे त्यांनी पुण्यात काम केलं. छावणीत प्रचार करायला लष्करी अधिकाऱ्यांनी विरोध केला, अनुयायी मोजकेच मिळाले आणि १८५५ मध्ये ते भारत सोडून गेले. त्या काळी पत्र पाठवून उत्तर यायला महिनोन् महिने लागत. तेव्हा नाताळाला घरचा शब्द कानी पडणं त्यांच्या नशिबी नव्हतंच. त्यांच्या निष्ठेबद्दल शंका घ्यायचं कारण नाही, पण इथल्या मातीत त्यांचं काम रुजलं नाही.

दुसरं उदाहरण सिंथिया फरार यांचं. अमेरिकन मराठी मिशनतर्फे त्या १८२७ मध्ये अमेरिकेहून निघाल्या. एकटी, अविवाहित बाई अशा कामासाठी समुद्रापार जाणं तेव्हा फारच दुर्मीळ होतं. आधी मुंबईत आणि नंतर अहमदनगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. मधला मायदेशचा एक मुक्काम सोडला तर १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या इथंच राहिल्या. जोतीराव फुल्यांनी नगरची त्यांची शाळा पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. फरारबाई ज्या न्यू इंग्लंडमधून आल्या, तिथल्या प्युरिटन वळणाच्या चर्चमध्ये नाताळाचं फारसं कौतुक नव्हतं. मॅसॅच्युसेट्समध्ये नाताळाची सरकारी सुट्टी सुरू झाली तीच १८५६ मध्ये. म्हणजे त्यांना घर आठवत असेल तर ते झाडासाठी, दिव्यांसाठी नसणार, माणसांसाठीच असणार. आणि माणसं तर त्यांनी नगरमध्येही जोडली.

मिशनरी म्हटलं की आपल्याकडे धर्मांतराचा विषय निघतो. तो वाद खरा आहे आणि त्यावर मतभेद राहणारच. पण सणाच्या दिवशी विशीतल्या पोराला आई आठवते, ती काही धर्म पाहून आठवत नाही.

आजच्या मॉर्मन मिशनऱ्याचं दूर जाणं निदान स्वतः निवडलेलं असतं, परतायची तारीखही ठरलेली असते. आपल्या मराठवाड्यातले ऊसतोड मजूर दसऱ्यानंतर बैलगाड्या नाहीतर ट्रक भरून कारखान्यांच्या वाटेला लागतात. त्यांची दिवाळी आणि संक्रांत फडाशेजारच्या कोपीतच होते. आधी उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत माघारी फिरता येत नाही. व्रत म्हणून घर सोडणाऱ्याला आपण हात जोडतो आणि पोटासाठी घर सोडणाऱ्याला सणाची आठवण येत असेल हे आपल्या मनातही येत नाही. हा दुजाभाव मला टोचतो.

इथं आपल्या नांदेड-लातूरकडचा एक सण वाट दाखवतो. मार्गशीर्ष अमावास्येची येळवस बहुतेक वेळा नाताळाच्या मागेपुढेच येते. २०१९ मध्ये ती अमावास्या २६ डिसेंबरला होती, २०२२ मध्ये २३ डिसेंबरला. त्या दिवशी अख्खं गाव शेतात असतं. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची कोप करतात, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात. मग पंगत बसते. शेंगा, वाटाणे, हरभरा, पालेभाज्या आणि बेसन घालून रटरटलेली भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातलं गार आंबील. ज्याला शेत नाही त्याला आग्रहानं बोलावून नेतात. वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारतात, आणि त्याचं नाव-गाव विचारायचं ते पानावर बसवल्यावर.

अशी हाक मारावी अशी माणसं आपल्या आसपासही आहेत. नांदेड जिल्ह्यातच मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. या दलात सगळ्या राज्यांतली मुलं भरती होतात, ईशान्येकडची आणि झारखंडचीही, जिथं अनेक ठिकाणी नाताळ हा अख्ख्या गावाचा सण असतो. आपल्या भोवती दवाखान्यात परप्रांतातल्या नर्स असतात, वीटभट्टीवर कुटुंबं असतात, वसतिगृहात सुट्टीला घरी न गेलेले विद्यार्थी असतात. त्यांच्या घराची जागा आपण घेऊ शकत नाही आणि घ्यायचीही नाही. पण सणाच्या दिवशी त्यांच्या ताटात आपल्या घरचं काही असावं, एवढं आपल्या हातात आहे. जे कामावर ठेवून घेतात त्यांनी त्या दिवशी एक तासाची मोकळीक द्यावी, म्हणजे घरी निवांत बोलता येईल.

यंदा येळवशीला शेतात जाताना गावात नवं कोण आलंय, याची आदल्या दिवशीच चौकशी करा. त्यांना निरोप धाडू नका, स्वतः जाऊन बोलवा.