छावणीच्या गावातली मुलं

अमरावती जिल्ह्यातलं परतवाडा हे मूळचं गाव नव्हे, छावणी. डिसेंबर १८०३मध्ये जवळचा गाविलगड किल्ला इंग्रजांच्या हाती पडला. पुढे निजामाच्या खर्चानं पोसलेली, पण हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा मानणारी हैदराबाद कंटिन्जंट ही फौज एलिचपूर, म्हणजे आजच्या अचलपूरशेजारी तळ ठोकून राहिली. पलटणीमागे बाजार आला, बाजारामागे बिऱ्हाडं आली. अजूनही कितीतरी जणांच्या तोंडी परतवाड्यासाठी ‘कॅम्प’ हाच शब्द आहे. १९०३मध्ये कंटिन्जंट हिंदी फौजेत विलीन झाली. बाजार मात्र उठला नाही, अन् पोरंबाळंही इथंच वाढली.

या बिऱ्हाडांनी आपापले देव सोबत आणले. घर सोडून आलेला माणूस रीतभात जास्तच घट्ट धरतो. मॉरिशसला गेलेल्या मराठी कुटुंबांनीही तेच केलं. त्यात गैर काही नाही. पण अशा घरातल्या मुलाला श्रद्धा शिकवली जाते ती बहुतेक ‘आपलं’ जपण्यासाठी. शेजारचा कोण, तो कशापुढं हात जोडतो, हे त्या शिकवणीत येतच नाही. मुलाला आरती पाठ असते, दुआ पाठ असते, शेजाऱ्याचा सण मात्र फक्त सुट्टीपुरता कळतो.

अन् इथं सगळेच बाहेरून आलेले, असंही नाही. वर मेळघाटात कोरकू आदिवासी आहेत, आपल्या कितीतरी आधीपासून. त्यांची भाषा मुंडा कुळातली. मराठी-हिंदीशी तिचं नातं नाही. त्यांचं पोर आश्रमशाळेत येतं, आपली प्रार्थना हात जोडून म्हणतं. त्याच्या मेघनाथ या देवाचं नाव आपल्या किती पोरांना माहीत आहे? ज्याचा देव कुणी विचारत नाही, त्यानंच सगळ्यांचे देव पाठ करायचे, हा व्यवहार मला तरी बरोबर वाटत नाही. संस्कारवर्ग चालवणाऱ्यांनी यावर बोलावं.

होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण. त्या दिवसांत चिखलदरा-धारणीच्या रस्त्यावर बायामाणसं गाड्या अडवून फगवा, म्हणजे होळीची खुशाली मागतात, ढोल वाजतो, नाच होतो. आपण काय करतो? काच चार बोटं खाली, दहाची नोट बाहेर, काच वर. मागच्या सीटवरचं पोर हे सगळं बघत असतं. बाप घरी कितीही ‘अतिथी देवो भव’ शिकवो, त्या चार बोटांच्या फटीतून पोर जे शिकायचं ते शिकून घेतं. वास्तविक त्या रस्त्यावर पाहुणे आपण असतो.

येत्या होळीला गाडी बाजूला घ्या. पोरांना घेऊन खाली उतरा. फगवा पोराच्या हातून द्या, ढोलापाशी घटकाभर थांबा, आणि मेघनाथाचा तो उंच लाकडी खांब कुठं उभा आहे, तो कशासाठी पुजतात, हे पोरालाच तिथल्या एखाद्या आजोबांना विचारू द्या.