‘मी फक्त पुढे पाठवला’



नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. ९ महिने ते १५ वर्षांच्या मुलांना लस द्यायची होती. त्याच सुमारास मोबाइलवर मेसेज फिरू लागला, की ही लस घेतलेल्यांना पुढे मूल होत नाही. काही पालकांनी मुलांना लस देऊ दिली नाही. २०२२ मध्ये गोवंडी, मालेगाव, भिवंडी येथे गोवराची साथ आली, लेकरे दगावली. सगळा दोष त्या मेसेजचा नव्हे. कोरोनाकाळात नेहमीचे लसीकरणही मागे पडले होते. पण लसीची भीती होतीच.

तो मेसेज लिहिला कोणी? ठाऊक नाही. लोकांनी विश्वास ठेवला तो पाठवणाऱ्यावर. मावशीने पाठवला, मास्तरांनी पाठवला, म्हणजे खरेच असणार! लिहिणाऱ्याचे नाव नसले, की खाली आपलीच सही होते. आठवी आज्ञा खोट्या साक्षीविषयी आहे. इथे आपण न तपासलेल्या गोष्टीची साक्ष देत असतो.

‘पण फादर, काळजीपोटीच पाठवला ना!’ काळजी खरी असते, हे मान्य. संत थॉमस अक्विनास मात्र अज्ञान आणि अज्ञान यांत फरक करतात. जे दूर करणे आपल्या हाती नव्हते, त्याचा दोष लागत नाही. जे दूर करता आले असते आणि करायला हवे होते, त्याचा लागतो. ‘इन्सुलिन सोडा, या पाल्याचा रस घ्या’ हा मेसेज कोणत्या घरात पोचेल, सांगता येते का? ज्या मुलाच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, त्याचे इंजेक्शन थांबले तर थोड्याच दिवसांत जीव धोक्यात येतो. आशाताईंना एक प्रश्न विचारायला किती वेळ लागतो?

‘नोव्हेना करा, गोळ्या बंद करा’ असेही कोणी पाठवतात. त्यांनी बेन सिराच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय वाचावा. तिथे आजाऱ्याला प्रार्थनाही सांगितली आहे आणि वैद्यही.

मात्र रुग्णाला हसू नये. तासभर रांगेत उभे राहून दोन मिनिटांत चिठ्ठी हातात पडते, विचारलेले काही डॉक्टरांना आवडत नाही. मग माणूस रात्री मोबाइललाच विचारणार. शेजारचे कोणी दवाखान्यात निघाले, तर सोबत जा. काय विचारायचे ते आधी कागदावर लिहून द्या. आणि धर्मग्रामाच्या ग्रुपवर औषधाचा मेसेज टाकण्याआधी तो आपल्यातल्या एखाद्या नर्सताईंना दाखवा.

– तुमचे फादर