अंगावरचा गंध आणि शेजाऱ्याचे नाक

वैशेषिकांनी गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानला आहे. वारा गंध वाहून नेतो, पण तो वाऱ्याचा नव्हे, मातीचा. या मताची प्रचीती ज्यास घ्यावयाची असेल त्याने पॅचुलीचे अत्तर एकदा अंगास लावून पाहावे. ही वनस्पती आपणांस परकी नाही. मरवा आणि दवणा यांच्या जोडीने फुलांत गुंफली जाणारी पाच ती हीच, किंवा हिची सख्खी बहीण. कानडीत तिला पच्चेतेने म्हणतात. तिची पाने सुकवून, थोडी मुरू देऊन, वाफेच्या साहाय्याने तेल काढतात. आणि ते तेल जितके जुने तितके उत्तम मानतात.

लावताच जो दर्प येतो तो पावसाळ्यात उघडलेल्या जुन्या पेटीचा: थोडा कापूर, थोडी ओली माती, थोडी भिंतीची ओल. दोनतीन तासांनी उग्रपणा ओसरतो आणि मागे गोडसर, लाकडासारखा वास उरतो. वस्त्रात तर तो कित्येक दिवस टिकतो. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शालींना कसर लागू नये म्हणून त्यांच्या घड्यांत ही पाने घालीत. पुढे युरोपात शालीचा अस्सलपणा या वासावरून ओळखू लागले, आणि मग तिकडील विणकर आपल्या नकली शालींनाही तोच वास देऊ लागले! गंधाची साक्ष वकिलाने किती मानावी, याचा हा चांगला धडा आहे.

परंतु आमचा प्रश्न निराळा आहे. अंगावरच्या वासाला आपले नाक थोड्याच वेळात सरावते. लावणाऱ्यास वाटते की वास उडाला. तो आणखी दोन थेंब लावतो आणि शेजारचा गुदमरतो. आपल्याच खटल्यात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे न्यायाचे जुने तत्त्व येथे अक्षरशः लागू पडते. डोळे मिटता येतात, श्वास थांबविता येत नाही. लग्नघरी अत्तरदाणी समोर आली म्हणजे आपण हात पुढे करतो; नको असल्यास करीत नाही. ही मुभा देवळाच्या रांगेत शेजारी उभ्या असलेल्यास कोठे असते?

येथेच कोणी विचारील की, हा न्याय सर्वांस सारखा लावणार काय? बेळगाव-निपाणी भागात हा प्रश्न टाळता येत नाही. ज्या पानाच्या भावासाठी १९८१ साली निपाणीचे शेतकरी रस्त्यावर बसले, त्या तंबाखूचा दर्प वखारीत राबणाऱ्या बाईच्या लुगड्यात भिनलेला असतो. तोही मातीतून आलेल्या पानाचाच वास. तिचेही नाक त्याला सरावलेले असते. तरी ती गाभाऱ्यासमोर पदर सावरून मागे सरते आणि उंची अत्तर लावलेले गृहस्थ निःशंकपणे पुढे होतात. एका पानाचा वास विकत घेतलेला, दुसऱ्याचा पोटासाठी अंगावर आलेला. आणि संकोच मात्र दुसरीच्या वाट्यास!

आमच्या मते न्याय याच्या उलट हवा. ज्याने गंध आपखुशीने निवडला, संयमाचे कर्तव्य त्याचे. ज्याच्या अंगी तो कष्टाने आला, त्याच्याविषयी सहनशीलतेचे कर्तव्य शेजाऱ्याचे. दोन्ही वास नाकाला सारखेच झोंबत असले, तरी दोघांची जबाबदारी सारखी होत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २७० मध्ये सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या आहे. पण अत्तराचा तिसरा थेंब मोजावयास कोणतेही कलम येणार नाही, आणि येऊही नये. ते माप सभ्यतेच्या हाती आहे. देवाला गंध लावताना आपण ते अनामिकेच्या टोकाने लावतो, आणि देवाला वाहावयाचे फूल आधी हुंगत नाही. सुगंध हा प्रथम दुसऱ्यासाठी असतो, ही शिकवण त्या आचारात आहे. तेव्हा पॅचुली अवश्य लावावी. मात्र किती लावली हे आपल्या नाकास न विचारता घरच्या माणसास विचारावे. आणि रांगेत तंबाखूचा वास आला तर नाकास रुमाल लावण्यापूर्वी त्या बाईस पुढे जाण्यास वाट द्यावी.