न दुखणाऱ्या स्नायूंची चौकशी

माणूस निरोगी आहे, हे कोणी ठरवावयाचे? त्याने स्वतः, की त्याच्या रक्ताने? वार्षिक तपासणीच्या निमित्ताने हा प्रश्न आज अनेकांपुढे उभा राहतो. हातापायांत बळ आहे, वेदना नाही. अहवालात मात्र ‘क्रिएटिन कायनेज’ या स्नायूंतील एन्झाइमचा आकडा वाढलेला. सकाळी निरोगी म्हणून घराबाहेर पडलेला माणूस संध्याकाळी रुग्ण होऊन परततो.

हे एन्झाइम स्नायूंच्या पेशींत असते. पेशींना इजा झाली की ते रक्तात उतरते. पण प्रत्येक इजा म्हणजे रोग नव्हे. दिवसभर कुदळ चालविणाऱ्याच्या किंवा नुकताच व्यायामशाळेत जाऊ लागलेल्या तरुणाच्या रक्तात ते काही दिवस वाढलेले आढळते. दंडावर घेतलेले इंजेक्शन, कोलेस्टेरॉल उतरविणारी स्टॅटिन औषधे, मंदावलेली थायरॉइड ग्रंथी हीदेखील कारणे असू शकतात. शिवाय ‘सामान्य’ची रेषा माणसानेच आखलेली आहे. दर १००० निरोगी माणसांतील सुमारे २५ जण तिच्या वर राहतील, अशीच ती बहुधा आखली जाते. म्हणूनच युरोपातील मज्जाविकारतज्ज्ञांच्या महासंघाने २०१० साली असे सुचविले, की आकडा वरच्या मर्यादेच्या दीडपटीपलीकडे गेला तरच तो वाढलेला मानावा.

तेव्हा काही दिवस श्रम टाळून पुन्हा रक्त तपासावे, चालू औषधांची विचारपूस करावी आणि आकडा उतरला तर माणसाला निश्चिंत मनाने घरी जाऊ द्यावे. पण तो उतरलाच नाही तर? सुईने स्नायूंची विद्युत्‌तपासणी, जनुकांची तपासणी, स्नायूचा तुकडा काढून बायोप्सी अशी वाट पुढे जाते. एवढे करूनही अनेकदा निदान हाती लागत नाही. लागले तरी काही स्नायुरोगांवर अजून उपाय नाही. मग निरोगी माणसाची झोप उडविण्याचा अधिकार कोणाला?

हा युक्तिवाद मला पटतो, पण अर्धाच. कारण माझे अज्ञान नेहमी केवळ माझे नसते. धडधाकट स्त्रीच्या रक्तातील हा वाढलेला आकडा कधीकधी ती ड्यूशेन स्नायुक्षयाची वाहक असल्याची खूण असतो. तिच्या प्रत्येक मुलाला, म्हणजे पुत्राला, तो रोग होण्याची शक्यता निम्मी असते. तसेच हा आकडा वाढलेल्यांपैकी काहींना शस्त्रक्रियेच्या वेळी दिल्या जाणाऱ्या विशिष्ट भूलवायूंमुळे प्राणघातक ज्वर चढू शकतो. ही गोष्ट भूल देणाऱ्याला आधी ठाऊक असली, तर तो दुसरे औषध निवडतो. येथे न जाणणे ही नम्रता नव्हे, हेळसांड आहे.

म्हणून ‘आकडा किती?’ या प्रश्नाच्या पाठोपाठ आणखी एक प्रश्न विचारावयास हवा : हे ज्ञान कोणाच्या कामी येणार आहे? रुग्णाच्या, त्याच्या लेकराबाळांच्या, की केवळ वैद्याच्या कुतूहलाच्या? त्याचे उत्तर प्रयोगशाळेच्या कागदावर सापडत नाही. त्यासाठी डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवून समोर बसलेल्या माणसाशी बोलावे लागते. आणि पुढे जावयाचे की येथेच थांबावयाचे, हे ठरविताना त्याचा शब्द ऐकावा लागतो.