डोकं द्यायचं कुणाच्या हाती?

दुखणं हाताबाहेर गेलं की आष्टीचा माणूस नगरची वाट धरतो. जिल्हा बीड, पण दवाखाना नगरचा, हे इथं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. २३ सप्टेंबर २०२२ ला नवीन आष्टी ते नगर रेल्वे सुरू झाली, त्याआधी एसटी आणि जीप होतीच. नगरला भागलं नाही तर पुणं. या वाटेवर पैसा जातो, हाल होतात. पण डॉक्टर कोण हे कुणीतरी अनुभवानं सांगितलेलं असतं, आणि टाके चिघळले तर त्याच डॉक्टरपुढं जाऊन बसता येतं.

केसांच्या प्रत्यारोपणाचं तसं नाही. इथल्या पंचविशीतल्या पोराला मोबाईलवर थेट इस्तंबूलची जाहिरात दिसते. विमानतळावरून गाडी, तीन रात्री हॉटेल, हवे तेवढे ग्राफ्ट म्हणजे मुळासकट लावायचे केसांचे पुंजके, सगळं मिळून दोन-तीन हजार डॉलर. तो ती जाहिरात पुन्हा पुन्हा बघतो, आणि त्याला हसण्यात अर्थ नाही. आधीच शेतकऱ्याच्या पोराला मुलगी मिळत नाही, त्यात कपाळ मागं सरकलेलं. शेगाव तालुक्यातल्या गावांत २०२५ च्या सुरुवातीला माणसांचे केस अचानक गळायला लागले, तेव्हा तिथल्या तरुणांना चारचौघांत जाणं नको झालं होतं. केस गेल्याचं दुःख खरं असतं.

आधी पैशाचं बोलू. इस्तंबूल स्वस्त आहे ते युरोपातल्या माणसाला. लंडन किंवा फ्रँकफर्टला याच कामाला इस्तंबूलच्या कितीतरी पट पैसे पडतात. म्हणून आष्टीचा एखादा इंजिनिअर जर्मनीत नोकरीला असेल तर त्याचा हिशेब बसतो. आष्टीतून निघणाऱ्याचा बसत नाही. आपल्याकडे ग्राफ्टमागं पंचवीस-तीस रुपयांपासून शंभराच्या पुढंपर्यंत भाव सांगतात. तीस रुपयांनी ३,००० ग्राफ्ट धरले तर ९० हजार झाले. तिकडं पॅकेजवर विमानाचं तिकीट येतं, व्हिसाचा खर्च येतो. ज्याच्याकडं अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेनचा चालू व्हिसा किंवा तिथला निवास परवाना नाही, त्या भारतीयाला तुर्कस्तानचा ई-व्हिसाही मिळत नाही. कागदपत्रं घेऊन रीतसर अर्ज करावा लागतो.

पण खरा हिशेब ऑपरेशनच्या टेबलावर मांडावा लागतो. माणूस तिथं तासन्‌तास पालथा पडलेला असतो. डोक्याच्या मागच्या बाजूला भुलीची इंजेक्शनं देतात. मग जेमतेम मिलिमीटरभर व्यासाचा पंच फिरवून एकेक मूळ सोडवायचं, चिमट्यानं उचलायचं, थंड सलाईनमध्ये ठेवायचं, आणि पुढं कपाळाच्या वर बारीक छेद देऊन केसाचा कल सांभाळत बसवायचं. पंच थोडा तिरका गेला तर मूळ तुटतं. भुलीचं औषध वजनाच्या प्रमाणाबाहेर गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. हे काम कोण करतं? जाहिरातीत फोटो डॉक्टरचा असतो. प्रत्यक्षात पंच आणि चिमटा तंत्रज्ञांच्या हातात देऊन एका दिवसात अनेक डोकी उरकणारी दुकानं जगभर आहेत. प्रत्यारोपण करणाऱ्या सर्जनांची आंतरराष्ट्रीय संघटना स्वतःच त्यांच्याविरुद्ध मोहीम चालवते.

म्हणून मायदेशी केलं की सुखरूप, असंही मी म्हणणार नाही. मार्च २०१९ मध्ये मुंबईत एका व्यावसायिकानं एकाच बैठकीत ९,५०० च्या आसपास केस बसवून घेतले. पंधरा तासांच्या आसपास ते चाललं आणि दोन दिवसांत तो गेला. कानपूरमध्ये दोन इंजिनिअर असेच दगावले. २०२५ मध्ये ते प्रकरण उघड झालं, तेव्हा आरोप होता तो एका दंतवैद्यावर. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं सप्टेंबर २०२२ मध्येच बजावलं होतं की हे काम त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जरीचं रीतसर शिक्षण घेतलेल्यांचं आहे, यूट्यूब बघून शिकायचं नाही. वैद्यकीय आयोगाला यूट्यूबचं नाव घ्यावं लागलं, यावरून परिस्थिती कळते.

ऑपरेशन सांगणाऱ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, हे आपल्या जिल्ह्याला तर नव्यानं सांगायची गरज नाही. ऊसतोड कामगार बायांची गर्भाशयं काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं. सरकारी समितीच्या पाहणीत ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्या बायांचं दुखणं आणि टकलाची चिंता एका पारड्यात मी ठेवत नाही. पण मला त्यातली एक गोष्ट इथं दिसते. ऑपरेशन हवंच, हे जो सांगतो त्याचीच कमाई त्या ऑपरेशनवर असते, आणि ऐकणाऱ्याकडं दुसऱ्याला विचारायला ना वेळ, ना पैसा. केसांच्या क्लिनिकमध्ये तेच चालतं. किती ग्राफ्ट लागतील हे पहिल्या भेटीत बऱ्याचदा डॉक्टर सांगत नाही, पगारावर ठेवलेला समुपदेशक सांगतो, आणि हप्ते पाडून द्यायची तयारीही तोच दाखवतो.

डोक्यामागचे केस म्हणजे वडिलोपार्जित जमीन आहे. विकली की वाढत नाही. पंचविशीत सगळी पुढं लावली आणि मधले केस पुढच्या दहा वर्षांत गेले, तर भरून काढायला मागं काही उरत नाही. कारण बसवलेले केस टिकतात, पण गळती त्यानं थांबत नाही. म्हणूनच चांगला त्वचारोगतज्ज्ञ आधी मिनॉक्सिडिल, फिनास्टेराइड या औषधांचा विचार करतो आणि काही महिने वाट बघायला लावतो. प्रत्यारोपणानंतरही लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात, तीन-चार महिन्यांनी उगवू लागतात, आणि काय साधलं ते कळायला वर्ष जातं. त्या वर्षभरात डोकं सुजलं, पू झाला, पोपडे धरले, तर दाखवायचं कुणाला? इस्तंबूलच्या क्लिनिकला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवता येतो, एवढंच.

कायद्याचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालापासून पैसे घेऊन उपचार करणारे डॉक्टर ग्राहक कायद्याच्या कक्षेत आहेत, आणि २०१९ च्या कायद्यानं तक्रारदाराला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते. म्हणजे पुण्यात बिघडलेल्या कामासाठी आष्टीकर बीडच्या ग्राहक आयोगात जाऊ शकतो. तुर्कस्तानातल्या क्लिनिकविरुद्ध तो इथून व्यवहारात काहीच करू शकत नाही.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. आष्टीतून उठून इस्तंबूलला जाण्यात पैसाही वाचत नाही आणि जिवाची हमीही वाढत नाही. परदेशात नोकरीला असणाऱ्यानं जायचंच ठरवलं, तर क्लिनिककडं तुर्कस्तानच्या आरोग्य मंत्रालयाची आरोग्य पर्यटनाची परवानगी आहे का, एवढं तरी बघावं. इथं राहणाऱ्यानं नगर-पुण्याच्या त्वचारोगतज्ज्ञाकडं आधी साधं तपासून घ्यावं, आणि वेळ आलीच तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी बघून डॉक्टर निवडावा. पैसे भरण्याआधी पंच कोण धरणार, छेद कोण देणार आणि भूल कोण देणार, ही नावं कागदावर मागा. लिहून देत नसतील तर आगाऊ रक्कम न देता उठून घरी या.